चिमाबाईच्या घरातले दोन हंडे

चिमाबाईच्या घरात पाण्याचे दोन हंडे होते. एक तिचा, एक तिच्या नवऱ्याचा, महादूचा. नवराबायकोचं बिनसलं की अबोला धरतात, फार तर ताट वेगळं घेतात, हे आपण ऐकलेलं असतं. पण पाणी वेगळं? एकाच छपराखाली, एकाच चुलीच्या धुरात बसणाऱ्या दोघांचं पाणी वेगळं? तर तसं होतं, आणि एकदोन दिवस नव्हे, चांगली सात वर्षं होतं. पाड्यावरचे लोक ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात. मी मीठ तेवढं लावीन, तिखट तिच्यात मुळातच पुरेसं आहे.

डोळखांबच्या पुढं शाई नदी वाहते, अल्याड शहापूर तालुका आणि पल्याड मुरबाड. तिच्या काठी चढावर चिमाबाईचा पाडा, मोजून पंधरा घरं, सगळी पिढीजात भातशेती करणारी. पावसाळ्यात ही नदी ओंडके काय, म्हशीसुद्धा वाहून नेते. माघ लागला की मात्र पार सुकते, इथंतिथं एखादा डोह आणि बाकी नुसती वाळू. मग बाया नदीत उतरतात आणि वाळूत कोपरभर खड्डा उकरतात. त्याला डवरा म्हणायचं. पहिलं गढूळ पाणी करवंटीनं उपसून टाकायचं आणि गप बसायचं. थोड्या वेळानं तळातून पाणी पाझरू लागतं, आणि काय ते पाणी! तळाचा कण न् कण मोजून घ्यावा. डवऱ्याचा एक जुना नेम होता: ज्यानं उकरला त्यानं पहिली ओंजळ प्यायची, मग बाकीच्यांनी भरायचं. म्हणजे काही वाईटसाईट असेल तर आधी त्याच्या पोटात जावं.

लहानपणी आजीबरोबर पहिल्यांदा डवऱ्याशी बसली तेव्हापासून चिमाबाईला या पाण्याचं नवल वाटायचं. वर गुरं चालतात, कपडे धुतात, शेवाळ कुजतं, आणि वाळूतून येताना हे पाणी सगळं मागं टाकून येतं कसं? तिनं आजीला विचारलं होतं. आजी म्हणाली, नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये. मोठ्या माणसांकडं उत्तर नसलं की अशी म्हण असतेच. पण मी म्हणतो, ज्याला तेच पाणी प्यायचंय त्यानं नाही शोधायचं तर कुणी शोधायचं?

त्र्याण्णव साली पाड्याच्या वरच्या अंगाला मुलांचं वसतिगृह झालं. एकशेवीस मुलं. पाड्याला आनंद झाला, कारण चिमाबाईला तिथं कामाठीण म्हणून नोकरी लागली. कामाठीण म्हणजे झाडलोट, पाणी भरणं, आणि मुख्य म्हणजे एकशेवीस ताटं आणि चार भलेमोठे टोप घासणं. तिची घासलेली ताटं बघावीत, तोंड दिसायचं त्यात. त्या घासण्याचं पाणी, न्हाणीघरांचं पाणी, संडासच्या टाकीतून वर येणारं पाणी, सगळं एका नालीतून ओहोळात जायचं आणि ओहोळ नदीत. नदीत कुठं? तर डवऱ्यांच्या वर, पुरतं हाकेच्या अंतरावर. हे इतकं उघड होतं की कुणाच्या डोक्यातच आलं नाही. चिमाबाई दिवसभर वर घाण सोडायची आणि संध्याकाळी खाली येऊन डवऱ्याचं पाणी भरायची. वाळूवर तिचा विश्वास होता. पण वाळूनं तरी किती सोसावं!

सत्त्याण्णवच्या चैत्रात पाड्यावर काविळीची साथ आली. अकरा जण पडले, त्यांतले दोन गेले, एक म्हातारा आणि एक लेकुरवाळी बाई. महादू दीड महिना अंथरुणावर होता, डोळे हळदीसारखे. वाचला. काठी टेकत चालू लागला तेव्हा पहिल्या दिवशी तो कुठं गेला असेल? ओहोळ धरून वर वर चढत गेला, वसतिगृहाच्या नालीच्या तोंडापर्यंत. तिथं बसला. दगडांना भाताची शितं चिकटली होती. त्यानं ती बोटानं उचलली, घरी आणली आणि चिमाबाईसमोर तळहात धरला.

"तुझं खरकटं आमी पितोय," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, आणि तेच वाईट झालं.

दुसऱ्या दिवसापासून महादूनं आपला हंडा वेगळा केला. टेकाडापलीकडच्या गावच्या विहिरीवर जायचा, जायला तास, यायला तास, आणि खांद्यावरून हंडा आणायचा. बाप्या पाणी भरतोय म्हणून आधी पाडा हसला, मग हसून हसून कंटाळला. नदीचं पाणी तो हात धुवायलाही घेईना. चिमाबाई नोकरी सोडू शकत नव्हती आणि नालीचं तोंड दुसरीकडं वळवू शकत नव्हती. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं तसं ती पाणी उकळून घ्यायची, त्यात औषधाचे थेंब टाकायची, आणि महादूसमोर गटागटा प्यायची, जणू त्याला चिडवायला. आतून मात्र ती पार खचली होती. बायकोच्या हातचं पाणी नवरा घेत नाही, यापरता अपमान कोणता? शिवी दिली असती तर तिनं चार परत दिल्या असत्या. पाण्याला ती काय उत्तर देणार?

तिला एकच हवं होतं. महादूनं तिच्या हंड्यातलं पाणी प्यावं. बस.

दोन हजार साली वसतिगृहात एक तरुण बाई आली. संघरत्ना तिचं नाव, राहणारी सापगावची, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेली, एका संस्थेत कामाला. हातात बाटल्यांची पेटी. ती नदीत उतरली, डवऱ्याशी थांबली आणि तिथं पाणी भरत असलेल्या चिमाबाईला म्हणाली, मावशी, मी यातलं थोडं पाणी घेऊ का? चिमाबाईला हसू आलं. ती म्हणाली, "घे की गो. नदी काय माझ्या बापाची हाय?" संघरत्ना म्हणाली की माझ्या आजीला दुसऱ्यांच्या पाणवठ्यावर असं विचारल्यावर असं उत्तर कधी मिळालं नव्हतं. तेव्हा चिमाबाईला तिच्या विचारण्याचा अर्थ उमगला आणि तिनं स्वतःच्या हातानं करवंटी भरून तिच्या बाटलीत ओतली.

ती बाटली दोन दिवस वसतिगृहाच्या खिडकीत ठेवली. आत औषधाचा कागद होता. पाण्यात घाण असेल तर काळं होणार, नसेल तर जसं आहे तसं राहणार. दुसऱ्या सकाळी पाणी डांबरासारखं काळं झालं होतं. सात जन्मांची पापं दाखवली असती तरी चिमाबाई इतकी हादरली नसती.

संघरत्नाच्या संस्थेनं अधीक्षकांना राजी केलं आणि वसतिगृहाच्या खालच्या उतारावर एक वाफा झाला. चाळीस हात लांब, पंधरा हात रुंद, कमरेपेक्षा जरा कमी खोल. तळाला आणि कडांना जाड काळं प्लास्टिक, त्यावर काठोकाठ खडी, आणि खडीत कर्दळ. टाकीत गाळ खाली बसायचा, वरचं पाणी वाफ्याच्या एका टोकाला खडीत शिरायचं, खडीच्या आतून, मुळांमधून, दिसेल न दिसेल असं सरकायचं आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाच्या पाइपातून बाहेर पडायचं. ना वीज, ना मोटर. कर्दळ लावायला पाड्यावरच्या बाया बोलावल्या. संघरत्ना टेप घेऊन दोन रोपांमधलं अंतर मोजत होती, तोवर चिमाबाई आणि तिची शेजारीण गोजर भाताची आवणी करतात तशा कमरेत वाकून, मागं मागं सरत, वितीच्या अंदाजानं अर्धा वाफा लावून मोकळ्या. संघरत्नानं टेप लावून पाहिला. बोटभरही फरक नव्हता. तिनं टेप गुंडाळून पिशवीत टाकला.

मुळं धरायला दोन महिने गेले. मग एके दिवशी संघरत्नानं चिमाबाईला शेवटच्या पाइपाशी नेलं आणि काचेच्या ग्लासात पाणी धरलं. टोप घासलेलं, न्हाणीतलं, संडासातलं, ज्याचा वास आला तरी मुलं नाक दाबून पळायची ते पाणी. ग्लासातून पलीकडचा माहुलीचा डोंगर दिसत होता. चिमाबाईनं वास घेतला. वास नव्हता.

"हा तर डवराच गो," ती म्हणाली.

संघरत्ना म्हणाली, हो मावशी, आम्ही वर्षभर पुस्तकातून शिकलो ते हेच. मग तिनं समजावलं, की नुसती खडी नव्हे. मुळांच्या अंगाला डोळ्यांना न दिसणारे जीव बसतात, लाखांनी, कोटींनी, आणि येणारी घाण ते खातात. तेच त्यांचं जेवण. ते जेवले की पाणी मोकळं होतं. हे पाणी पिण्याचं नव्हे, नदीला परत देण्याचं. उरलेलं काम वाळू करील. चिमाबाई ऐकत राहिली. आजीनं न दिलेलं उत्तर तिला पन्नाशीत मिळालं होतं, आणि ते म्हणीपेक्षा कितीतरी मोठं होतं. त्या दिवसापासून ती त्या जीवांना मंडळी म्हणू लागली. सकाळी वाफ्यावर गेली की आधी विचारायची, मंडळी जेवली का. संडास धुवायला कुणी ॲसिड आणलं की बाटली काढून घ्यायची, म्हणायची, आमची मंडळी मरतील. अधीक्षक सर तिला हसायचे. हसू देत. बिचारे शहरातले होते, त्यांना पाणी नळातून येतं एवढंच ठाऊक.

पुढच्या उन्हाळ्यात डवऱ्याच्या पाण्याची बाटली काळी झाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. पाड्यावर पुन्हा कावीळ आली नाही. सगळं झालं, पण महादूचा हंडा काही हलला नाही. घाण ती घाण, फुलं लावली म्हणून काय होतं, असं म्हणायचा. वाफ्याकडं तो एकदाही फिरकला नव्हता.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात तो फिरकला. वसतिगृहाला सुट्टी होती, पाणी येत नव्हतं, कर्दळ वाळून पिवळी पडली होती. चिमाबाई एकटी वाळकी पानं काढत बसली होती. महादू काठाशी येऊन उभा राहिला. बराच वेळ बघितलं. खाली उतरून खडीत बोटं घातली, नाकाशी नेली. मग म्हणाला, "वाळलंय. राब भाजाया पायजे."

आता हे ठाणे जिल्ह्यातल्या भातकऱ्याला सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. भाताची रोपं जिथं करायची ती जागा आमच्याकडं आधी भाजतात. शेणाचा थर, त्यावर तोडलेले टहाळ, त्यावर पालापाचोळा, त्यावर गवत आणि सगळ्यावर चाळलेली माती. वाऱ्याच्या उलट बाजूनं आग लावायची म्हणजे ती धावत नाही, धुमसत धुमसत तण आणि कीड मारत जाते. मग पावसावर रोप असं उठतं की बघत राहावं. आणि महादूसारखा राब पंचक्रोशीत कुणी भाजत नसे. त्याच्या राबाची राख एकसारखी पडायची, इकडं काळी तिकडं कच्ची असं नाही. त्या माणसानं सहा वर्षांत पहिल्यांदा बायकोच्या कामाला हात लावायचं म्हटलं होतं. चिमाबाई नाही म्हणणार होती थोडीच?

संघरत्नानं तिला पुष्कळ सूचना देऊन ठेवल्या होत्या. गुरं शिरू द्यायची नाहीत, तेल ओतायचं नाही, वाळकी पानं काढायची. राब भाजू नका असं मात्र तिनं सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कसं? दुनियेतल्या कुठल्या पुस्तकात लिहिलंय की सांडपाण्याच्या वाफ्याला कुणी राब भाजेल?

चार दिवस दोघं राबत होती. महादू टहाळ तोडून आणायचा, ती शेण पसरायची. दुपारी दोघं काठावर बसून नाचणीची भाकर आणि ठेचा खायची. पाणी तो त्याच्या हंड्यातलं आणायचा, पण भाकर एकाच फडक्यातली. चिमाबाई नंतर सांगायची, लग्नानंतर इतकी सुखी ती त्या चार दिवसांतच झाली. पाचव्या सकाळी महादूनं वारा बघून आग लावली. राब दिवसभर धुमसला. सुंदर भाजला गेला, एकसारखा.

दोन दिवसांनी संघरत्ना एसटीतून उतरली, वाफ्याशी आली आणि कड न् कड बघत फिरली. कडेचं प्लास्टिक जिथं जिथं वर आलेलं होतं तिथं तिथं वितळून गुंडाळलं होतं. एका कोपऱ्यात तर पार गुडघाभर खाली. पाणी सोडायचा भोकांचा पाइप वेडावाकडा झाला होता. आणि सर्वांत वाईट म्हणजे वरची माती आणि राख खडीच्या फटींत उतरून बसली होती. आता पाणी सोडलं तर ते खडीत शिरणारच नव्हतं, वरच्यावर वाहून थेट ओहोळात जाणार होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. संघरत्नानं हळूहळू हे सगळं सांगितलं. रागावली नाही, पण तिचे डोळे भरले होते.

चिमाबाईनं एकच विचारलं. "मंडळी भाजली काय गो?"

अधीक्षक सर आले. त्यांना या वाफ्याचा आधीपासूनच कंटाळा होता. म्हणाले, झाडं लावून का कुठं गटार साफ होतं, पंधरा जूनला मुलं येणार, मला रिस्क नको. त्यांनी शहापूरहून मोठे पाइप मागवले आणि ते आवारात उतरवूनही घेतले. नालीपासून थेट नदीच्या डोहापर्यंत ओळ टाकायची, म्हणजे आवारात वास नको की डास नको. डोह म्हणजे डवऱ्यांच्या उशाशी. मग त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? चिमाबाई म्हणाली, मी भाजलं. एकटीनं? एकटीनं. नोकरीवरून काढीन म्हणाले, तरी तिनं मान वर केली नाही.

काठावर उभा असलेला महादू तेव्हा खाली आला. वसतिगृहाच्या माणसाशी तो पहिल्यांदा बोलत होता.

"राब मी भाजला. असा राब बाईमाणसाला भाजता येत नाय, कुणालाबी इचारा. तिला काढू नका. शाळा उघडेस्तोवर टाइम द्या. नाय झालं तर टाका पाइप, मी सोता चर खणून देतो."

संघरत्नानं शब्द टाकला. सरांनी मुदत दिली. वीस दिवस होते.

खडी धुवायला पाणी हवं, आणि मे महिन्यात पाणी कुठलं? संघरत्ना टँकरचा विचार करू लागली. गोजर म्हणाली, धुवायचं कशाला, पाखडू. पाड्यात सावड होती, म्हणजे आज सगळ्यांनी माझ्या शेतावर, उद्या सगळ्यांनी तुझ्या. ती आवणीला निघते, त्या वर्षी मेमध्ये निघाली. बावीस माणसं रोज सकाळी वाफ्यात उतरायची. घमेल्यानं वरची वीतभर खडी काढायची, वाळूच्या चाळणीवर टाकायची, आणि उरलेली धूळ बाया उंच धरून वाऱ्यावर सोडायच्या, जसं भात वारवतात तसं. दगड पाखडणारी माणसं बघून येणारेजाणारे थांबायचे. संध्याकाळी सगळ्यांची तोंडं भुतासारखी काळी आणि ढिगातली खडी स्वच्छ.

तिसऱ्या दिवशी वीतभर खडी निघाली आणि चिमाबाईचा हात एका जागी थांबला. खालच्या खडीत पांढरं काहीतरी होतं. तिनं दगड बाजूला केले. मुळं होती, केसांसारखी बारीक, एकात एक गुंतलेली, एकेका दगडाला हातांनी धरावं तशी धरलेली, आणि ओली. वर सगळं जळून राख, महिनाभर पाण्याचा थेंब नाही, आणि खाली ही ओली. तिनं कर्दळीच्या गड्ड्यावर नख मारलं. पांढऱ्या गरातून पाणी आलं. शेजारी गुलाबी कोंब फुटून वर निघाला होता. तिनं महादूला हाक मारली. तो आला, वाकला, आणि कितीतरी वेळ तसाच वाकून राहिला. राब आयुष्यभर भाजला होता त्यानं, पण भाजलेल्याच्या खाली काय असतं हे त्यानं कधी उकरून पाहिलं नव्हतं. संघरत्ना म्हणाली, मावशी, तुमची मंडळी इथंच आहे, यांच्या अंगाला. चिमाबाईनं पदर तोंडाला लावला आणि रडली. आनंदानं माणूस रडतं ते खोटं वाटायचं मला, पण गोजर शपथेवर सांगते.

खडी झाली. पाइपाचा वाकडा तुकडा बदलला. राहिलं प्लास्टिक. तसलं जाड प्लास्टिक पावसाळ्याआधी मिळणार नव्हतं, संघरत्ना कल्याणपर्यंत चौकशी करून आली. महादूनं तिचं ऐकून घेतलं, मग म्हणाला, "बाय, खाचरात पाणी कसं थांबतं? तिथं काय प्लास्टिक हाय?"

महादूनं खाचरातली चिकणमाती आणली, तूस मिसळलं, दोन दिवस भिजवलं आणि मग तो आणि आणखी चौघं त्या मातीत नाचल्यासारखे पाय मारत राहिले, चिखलणी करतात तसे, माती लोण्यासारखी होईपर्यंत. जिथं जिथं प्लास्टिक गेलं होतं तिथं तिथं हातभर जाड थर दाबून बसवला आणि ओल्या पोत्यांनी झाकला. वितळलेल्या कोपऱ्यात तो स्वतः मांड्यांपर्यंत उतरला. संघरत्नानं वहीत सगळं लिहून घेतलं, मातीत किती तूस, किती तुडवायची. हिशेबानं हेच बरोबर होतं, पण हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि हा माणूस तर अंगठा लावणारा. तिनं त्याला विचारलं, काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं? महादू म्हणाला, सांगायला कशाला लागतं.

पंधरा जूनला मुलं आली. पाऊस अजून लांबला होता. चिमाबाईनं दुपारी टोप घासले आणि नालीच्या कडेनं आपल्या पाण्याबरोबर चालत गेली. खरकटं पाणी टाकीत गेलं, टाकीतून वाफ्याच्या तोंडाशी आलं, आणि खडीत शिरलं. वर थेंब नाही. आता तीन दिवस. ती काम उरकून वारंवार खालच्या टोकाशी जाऊन बसायची. महादू मातीच्या कडांना हात लावून फिरायचा, कुठं ओल फुटतेय का बघत. कुठंच फुटली नाही. अधीक्षक सर वरून बघायचे. आवारात पाइप तयार होते.

तिसऱ्या सकाळी पाइपाच्या तोंडाशी एक थेंब लोंबला, पडला, दुसरा आला, मग करंगळीएवढी धार लागली. थोडी राखेरी होती. धार वाहत राहिली, राखेरी रंग फिका होत गेला, आणि दुपारपर्यंत ग्लासात डोंगर दिसला. सरांनी ग्लास हातात घेतला, उजेडाकडं धरला, वास घेतला, पुन्हा घेतला. पाइप त्यांनी टाकलेच नाहीत. ते पुढं दोन वर्षं आवारात पडून होते, त्यात मुंगसं राहायची.

महादूनं त्या दिवशीही ग्लासाला हात लावला नाही, घरी येऊन आपल्या हंड्यातलं पाणी प्याला. आता चिमाबाईला ते मागायचंही नव्हतं.

पावसाळा गेला. भात झोडून झालं. माघात नदी आटली आणि गोजरनं त्या वर्षीचा पहिला डवरा उकरला. संघरत्नानं पाण्याची बाटली भरून चिमाबाईच्या घरच्या कोनाड्यात ठेवली. दोन दिवस महादू येताजाता कोनाड्याकडं बघायचा आणि जणू बघितलंच नाही असं दाखवायचा. तिसऱ्या सकाळी बाटली जशीच्या तशी होती. महादूनं ती उचलली, उजेडात फिरवली, परत ठेवली. मग कोपऱ्यातली करवंटी घेतली आणि बाहेर पडला. विहिरीच्या वाटेनं नव्हे, नदीच्या वाटेनं.

चिमाबाई हंडा घेऊन मागं गेली. तो वाळूत गुडघे टेकून बसला होता आणि दोन्ही हातांनी उकरत होता. सात वर्षांत त्यानं डवरा उकरला नव्हता. पाणी लागलं. त्यानं गढूळ उपसलं, एकदा, दोनदा, तीनदा. मग थांबला. तळातून पाणी हळूहळू वर आलं, आणि वाळूचा कण न् कण दिसू लागला. कडेला चारपाच बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. नेम सगळ्यांना ठाऊक होता.

महादूनं ओंजळ भरली. चिमाबाई त्याच्या गळ्याकडं बघत राहिली. गळा एकदा हलला, मग पुन्हा हलला. त्यानं दुसरी ओंजळ भरली आणि तीही प्याला.

"गार हाय," तो म्हणाला. "आण, तुझा हंडा भरतो."

हंडा त्यानं भरला आणि स्वतःच्या खांद्यावर घेतला. दुसरा हंडा चिमाबाईनं त्याच दिवशी घासून पुसून उन्हात वाळवला. तेव्हापासून ती त्यात नाचणी ठेवते.